वादक नसलेलं वाद्य : घरच्या स्टुडिओतल्या प्लगइनचा इतिहास

आजचा विषय ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर याच क्षणी उघडा असेल. घरी गाणं रेकॉर्ड करणारा कुणीही घ्या. क्युबेस, लॉजिक, एफएल स्टुडिओ, रीपर, यांपैकी काहीतरी त्याच्याकडे असतंच. तो नवा ट्रॅक उघडतो, यादीतून 'स्ट्रिंग्ज' निवडतो, टेबलावरचा दोन सप्तकांचा कीबोर्ड पुढे ओढतो आणि एका बोटाने एक पट्टी दाबतो. हेडफोनमध्ये व्हायोलिनांचा अख्खा ताफा वाजू लागतो.

हा ताफा कोण वाजवतंय? आज आपल्याला हाच प्रश्न धरून पुढे जायचं आहे. 'संगणक वाजवतोय' हे उत्तर अर्धवट आहे, आणि ते अर्धवट का, हे इतिहासात शिरल्याशिवाय कळत नाही.

आधी एक भेद करून घेऊ, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. प्लगइन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. त्यातलं काही आलेल्या आवाजावर प्रक्रिया करतं, जसं की रिव्हर्ब, ईक्यू, कॉम्प्रेसर. काही स्वतःच आवाज निर्माण करतं, त्याला आपण व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट म्हणतो. या दुसऱ्या गटात पुन्हा दोन जाती आहेत. एक हिशेबाचं वाद्य. त्यात आवाज आधी कुठेच नसतो, पट्टी दाबल्यावर प्रोसेसर तो गणिताने तयार करतो. दुसरं साठवणीचं वाद्य. त्यात कुणीतरी, कधीतरी, खरं वाद्य वाजवलेलं असतं, ते मुद्रित करून ठेवलेलं असतं आणि पट्टी दाबली की बरणीतून काढल्यासारखं बाहेर येतं. पडद्यावर दोन्हींचं चित्र सारखंच दिसतं. तीच चकचकीत बटणं, तेच गोल खुंटे. इतिहास मात्र दोघांचा पार वेगळा आहे.

हिशेबाच्या वाद्याची जन्मतारीख सांगता येते. १७ मे १९५७. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज ही टेलिफोनवर संशोधन करणारी संस्था. तिथले अभियंते मॅक्स मॅथ्यूज यांनी 'म्युझिक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यावर न्यूमन गटमन यांची १७ सेकंदांची एक रचना आयबीएम ७०४ या अजस्र संगणकाने गणिताने तयार केली. आकडे काढले न्यूयॉर्कच्या संगणकाने, आणि ती टेप न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या प्रयोगशाळेत नेऊन त्या आकड्यांचा आवाज केला गेला. म्हणजे वाजवणं एका गावात आणि ऐकणं दुसऱ्या! रचना काही फार सुरेल नव्हती, हे तिच्या चाहत्यांनाही मान्य आहे. पण या प्रोग्रॅमच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये मॅथ्यूज यांनी जे शब्द रूढ केले ते महत्त्वाचे ठरले. आवाज तयार करणाऱ्या गणिताच्या तुकड्यांच्या जोडणीला त्यांनी 'इन्स्ट्रुमेंट' म्हटलं आणि त्याला दिलेल्या सूचनांच्या यादीला 'स्कोअर'. आपल्या लॅपटॉपवर आज 'इन्स्ट्रुमेंट ट्रॅक' असं लिहून येतं, त्याचं मूळ इथे आहे.

साठवणीच्या वाद्याची गोष्ट संगणकाच्या आधीच सुरू होते. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंनी मेलोट्रॉन बाजारात आणलं. अमेरिकेतल्या हॅरी चेंबरलिन यांच्या यंत्रावरून ते बेतलेलं होतं, आणि चेंबरलिन यांना विचारून बेतलेलं होतं असं म्हणवत नाही. यंत्र असं: प्रत्येक पट्टीखाली टेपची एकेक पट्टी, तिच्यावर एकेक सूर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप पुढे सरकते आणि बासरी वाजते. सुमारे ८ सेकंदांनी टेप संपते, मग पट्टी सोडायची आणि टेप मागे जाऊ द्यायची. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'च्या सुरुवातीची बासरी ती हीच.

आता हे बघा की मेलोट्रॉनसाठी लंडनच्या स्टुडिओत माणसं बसली. बासरीवाल्याने एक सूर धरला, थांबला, पुढचा सूर धरला. त्याला त्या बैठकीचे पैसे मिळाले. त्यानंतर जगात जिथे जिथे ते यंत्र वाजलं तिथे तोच बासरीवाला वाजत राहिला, आणि नव्या बासरीवाल्याला बोलावणं आलं नाही. ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनने मेलोट्रॉनकडे संशयाने पाहिलं यात नवल नाही. पुढे मे १९८२ मध्ये याच युनियनच्या सेंट्रल लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी घालावी असा ठराव केला. देशभर बंदी काही आली नाही, ठरावाची टिंगल मात्र भरपूर झाली आणि अजूनही होते. ही टिंगल आम्हाला पटत नाही. त्या ठरावातला उपाय वेडगळ होता, पण भीतीचं कारण खरं होतं. पोटावर पाय येतोय हे ज्याच्या पोटावर येतो त्याला आधी कळतं.

१९७९ मध्ये सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट सीएमआय आणलं. टेपची जागा संगणकाच्या स्मृतीने घेतली. आता कुठलाही आवाज एक-दोन सेकंद मुद्रित करायचा आणि सगळ्या पट्ट्यांवर पसरवायचा. याबरोबर आलेल्या आवाजांच्या संग्रहात 'ऑर्क५' नावाचा एक तुकडा होता. स्ट्राविन्स्कीच्या 'फायरबर्ड'च्या ध्वनिमुद्रिकेतून उचललेला ऑर्केस्ट्राचा एकच धाडकन घाव. १९८२ च्या 'प्लॅनेट रॉक'मध्ये तो वाजला आणि मग दहा वर्षं नाचाच्या गाण्यांत जिकडेतिकडे वाजत राहिला. अख्खा वाद्यवृंद एका पट्टीत! ज्या वादकांनी तो घाव मारला त्यांच्यासाठी तो मैफलीतला एक क्षण होता.

इथून आपण मिडीकडे येतो, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण घरच्या रेकॉर्डिंगमधला सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो.

मिडी १९८३ मध्ये आलं. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी हे त्यामागचे मुख्य लोक. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एका वायरने बोलू लागली. पण ती बोलतात काय? मिडीच्या वायरमधून आवाज जात नाही. जाते फक्त नोंद: अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, सोडली. पट्ट्यांचे क्रमांक ० ते १२७, जोरही ० ते १२७. जुन्या अरेंजरने हाताने लिहिलेली नोटेशनची वही जशी, तसं हे. वहीत व्हायोलिन नसतं. वही कुणापुढे ठेवली त्यावर आवाज ठरतो. मिडीने वाजवण्याची कृती आणि वाद्याचा आवाज यांची फारकत केली. रात्री एक वाजता पियानो म्हणून वाजवलेली ओळ सकाळी उठून बासरीला द्यायची, ही सोय त्या फारकतीतून आली. आणि वाजवणारा हात एकाचा, आवाज दुसऱ्याचा, ही परिस्थितीसुद्धा.

१९८५ मध्ये अटारी एसटी नावाचा संगणक आला. त्याच्या अंगातच मिडीची छिद्रं होती, वेगळं काही विकत घ्यावं लागत नव्हतं. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने त्यावर १९८९ मध्ये क्युबेस आणलं. मात्र तेव्हाचा घरचा स्टुडिओ म्हणजे संगणक हा नुसता मुनीम. तो नोंदी ठेवायचा, आवाज काढायला बाहेर सिंथेसायझर, सॅम्पलर, ड्रम मशीन अशी खोक्यांची चळत लागायची. प्रत्येक खोक्याला वायर, प्रत्येक वायरला खरखर. १९९१ मध्ये प्रो टूल्स आलं आणि संगणकावर प्रत्यक्ष आवाज मुद्रित होऊ लागला, पण सुरुवातीला चारच ट्रॅक. पुढे त्याला प्लगइन जोडता येऊ लागले ते खास महागड्या कार्डांवर चालायचे. ते स्टुडिओवाल्यांचं काम, घरच्यांचं नाही.

मग १९९६. स्टाइनबर्गने क्युबेस व्हीएसटी आणलं. व्हीएसटी म्हणजे व्हर्च्युअल स्टुडिओ टेक्नॉलॉजी. खास कार्ड नको, संगणकाच्या मूळ प्रोसेसरवरच रिव्हर्ब, कोरस, एको चालणार. पहिल्या मोजक्या प्लगइनपैकी एकाचं नाव होतं एस्पॅशियल, आणि त्याचा रिव्हर्ब खरं सांगायचं तर पत्र्याच्या डब्यासारखा वाजायचा. पण इतिहासाच्या दृष्टीने रिव्हर्ब महत्त्वाचा नाही. महत्त्वाचं हे की स्टाइनबर्गने आपल्या जोडणीचे नियम इतरांसाठी खुले केले. कुणीही प्लगइन लिहावा, परवाना शुल्क नाही. परिणाम असा झाला की मोठ्या कंपन्यांबरोबर कॉलेजातली पोरं, नोकरी करून रात्री प्रोग्रॅमिंग करणारे हौशी, असे सगळे यात उतरले. १९९९ मध्ये व्हीएसटीची दुसरी आवृत्ती आली आणि प्लगइनला मिडीच्या नोंदी स्वीकारता येऊ लागल्या. म्हणजे प्लगइन आता स्वतः वाद्य झाला. निऑन नावाचा एक साधासा सिंथेसायझर त्यातला पहिला. आज तो ऐकवला तर तुम्ही हसाल.

एक तांत्रिक अडचण याच सुमारास सुटली, ती सांगायला हवी, कारण ती सुटली नसती तर प्लगइन वाजवता आलाच नसता, फक्त माउसने लिहिता आला असता. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर, लेटन्सी. संगणक आवाजाचे आकडे एकेक करून पाठवत नाही, घास करून पाठवतो. त्या घासाला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. बफर ५१२ चा ठेवला तर एका घासाला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, ते बोटाला चालतं. त्या काळच्या साध्या साउंडकार्डांवर हाच उशीर याच्या कितीतरी पट असे. पट्टी आत्ता दाबली आणि सूर 'येतो, येतो' म्हणत मागून आला, असं. १९९७ मध्ये स्टाइनबर्गनेच आसिओ ही व्यवस्था आणली आणि आवाजाला ऑपरेटिंग सिस्टिमची लांब रांग टाळून थेट कार्डापर्यंत जाता आलं. आजही तुमचा प्लगइन उशिरा वाजत असेल तर नवा लॅपटॉप घेण्याआधी बफर किती आहे ते बघा.

आता मुंबईत येऊ. येण्याचं कारण खरं आहे, ओढून आणलेलं नाही.

१९९७ मध्ये स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीने रीबर्थ नावाचं सॉफ्टवेअर काढलं. रोलँडची टीबी-३०३ ही बेस वाजवणारी चंदेरी पेटी आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन, या दोन बंद पडलेल्या यंत्रांची ती पडद्यावरची प्रतिकृती. मुख्यतः हिशेबाचं वाद्य. यंत्राचे खुंटेसुद्धा तसेच काढलेले. ही टीबी-३०३ बाजारात आपटली होती, १९८४ मध्येच तिचं उत्पादन थांबलं. नंतर शिकागोच्या पोरांनी ती जुन्या बाजारातून स्वस्तात उचलली आणि तिच्यातून अॅसिड हाउस नावाचा प्रकार जन्माला आला. पण त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईत एका माणसाने हीच दोन यंत्रं आणि रोलँडचंच ज्युपिटर-८ एकत्र बांधून दहा राग वाजवले होते. चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे सेशन म्युझिशियन. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही त्यांची रेकॉर्ड तेव्हा कुणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या लोकांना वाटलं कुणीतरी थट्टा करतंय, १९८२ मध्ये असं वाजूच शकत नाही.

रीबर्थचा शेवट मात्र वेगळ्या दृष्टीने बोलका आहे. त्याची आयपॅडवरची आवृत्ती २०१७ मध्ये मागे घ्यावी लागली. रोलँडने आपल्या बौद्धिक संपदेचा मुद्दा काढला होता. कायद्याने ते योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. आम्हाला यातली तुलना दाखवायची आहे. यंत्राची नक्कल झाली तर यंत्र बनवणाऱ्याला हरकत घेता येते. त्याच्याकडे नाव आहे, कंपनी आहे, वकील आहे. साठवणीच्या वाद्यात ज्याचा हात साठवलाय त्याच्याकडे बहुतेक वेळा एक सही केलेला कागद असतो, आणि त्यावर एकरकमी मोबदला घेऊन सगळे हक्क दिल्याचं लिहिलेलं असतं.

हा हात किती साठवतात, याचा अंदाज असावा म्हणून थोडा हिशेब करू. १९९८ मध्ये टेक्ससमधल्या नेमेसिस कंपनीचं गिगासॅम्पलर आलं. तोवर सॅम्पल संगणकाच्या स्मृतीत मावतील एवढीच ठेवावी लागत. गिगासॅम्पलरने सुराची फक्त सुरुवात स्मृतीत ठेवून उरलेला सूर हार्ड डिस्कवरून वाजता वाजता वाचायला सुरुवात केली. मर्यादा गेली. मग लोक सुटलेच. समजा व्हायोलिनचे ४५ सूर घेतले. प्रत्येक सूर चार जोरांवर, हळूपासून खणखणीतपर्यंत. आणि प्रत्येक जोरावर चार वेळा, कारण तोच तुकडा लागोपाठ वाजला तर कानाला मशीनगनसारखा ऐकू येतो. म्हणून तोच सूर तसाच, पण नव्याने वाजवलेला हवा. याला राउंड रॉबिन म्हणतात. झाले ७२० सूर. हे फक्त लांब सुरांचं. तुटक, छेडलेले आणि थरथरते असे आणखी तीन प्रकार धरले की २,८८०. व्हिएन्नामध्ये २००० साली हर्ब टुकमांडल या चेलोवादकाने व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररी सुरू केली, तेव्हा या कामासाठी खास वेगळी शांत खोली बांधली गेली आणि एका सुरातून दुसऱ्या सुरात जातानाचे दुवेसुद्धा स्वतंत्र मुद्रित केले गेले.

वादकाच्या बाजूने हे कसं असेल बघा. चाल नाही, लय नाही, समोर गायक नाही. एक सूर, शांतता, तोच सूर. दिवसभर. खुर्ची करकरता कामा नये, श्वास ऐकू येता कामा नये. वादकाचं वादकपण जितकं पुसलं जाईल तितकं सॅम्पल चांगलं. आणि तरी पुसलं जात नाही, ही यातली गंमत. चांगल्या लायब्ररीचा चेलो आणि सामान्य लायब्ररीचा चेलो यांतला फरक बव्हंशी त्या खुर्चीवर कोण बसलं होतं याचाच असतो.

मध्येच एक प्रश्न आलाय, तो इथेच घेऊ. 'मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्राचा जीव प्लगइनने घेतला का?'

उत्तर: नाही. आणि हे नीट सांगायला हवं, कारण दोष भलत्याच्या माथी मारला जातो. पन्नास ते ऐंशीच्या दशकांत ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये, महालक्ष्मीच्या फेमसमध्ये, वांद्र्याच्या मेहबूबमध्ये मोठमोठे वाद्यवृंद बसत. व्हायोलिनच्या रांगांमध्ये गोवेकर मोठ्या संख्येने, कारण पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जायचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले नामांकित अरेंजर आणि शिक्षक, प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या एका प्रसिद्ध गाण्यात त्यांचं नाव आलं ते या शिष्याच्या कृपेने. एरवी अरेंजर आणि वादक यांची नावं पडद्यावर क्वचितच येत. शिफ्टचे पैसे घ्यायचे, पुढच्या स्टुडिओकडे पळायचं.

हे मोडलं ते टप्प्याटप्प्याने. आधी मल्टिट्रॅक आलं आणि सगळ्यांनी एका वेळी एका खोलीत बसण्याची गरज संपली. मग सिंथेसायझर आणि कीबोर्डवाले आले. मग १९९२ मध्ये चेन्नईतल्या एका तरुण संगीतकाराने घरालगतच्या स्टुडिओतून 'रोजा' दिला आणि घर हाच स्टुडिओ होऊ शकतो हे साऱ्या देशाने ऐकलं. नव्वदचं दशक संपता संपता मोठे हॉल ओस पडायला लागले होते. वाद्याचा प्लगइन जन्मला १९९९ मध्ये! तो मारेकरी नव्हता, तो रिकाम्या घरात राहायला आलेला भाडेकरू. एक मात्र त्याने केलं. हॉल गेल्यावरही सिंथेसायझरचं व्हायोलिन खोटं ऐकू यायचं, म्हणून निदान मोठ्या बजेटच्या गाण्याला खरे वादक बोलवावे लागत. साठवणीच्या वाद्याने ती गरजही बरीच कमी केली.

पूर्ण संपवली का? तर नाही, आणि इथे आपलं संगीत आड आलं.

पेटीची आठवण करा. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये उठायला सुरुवात झाली, तीही मर्यादित प्रमाणात. आक्षेप काय होता? पट्ट्यांचे सूर ठरलेले, दोन पट्ट्यांमधल्या जागेत जाता येत नाही, मींड नाही. मराठी संगीत नाटकाने ऑर्गन आणि पेटी मनापासून स्वीकारली, तरी हा आक्षेप खोटा नव्हता. मिडी ही त्याच पेटीची नात आहे. तिच्या नोंदवहीत पट्टीचा क्रमांक आहे, दोन पट्ट्यांमधली वाट नाही. वाट दाखवायला पिच बेंड नावाचं चाक दिलं, पण ते चॅनेलवरच्या सगळ्या सुरांना एकदम वाकवतं. सारंगीवाला नखाच्या मुळाशी तार घासत गंधारावरून मध्यमावर कसा जातो, किती थबकतो, कुठे कण लावतो, हे ० ते १२७ मध्ये बसवायचं म्हणजे पैठणीचा पदर फुटपट्टीने मोजायचा.

म्हणून साठवणीच्या वाद्यांत आपल्याकडचा तबला बराच जमला आणि सतार, सारंगी अडकली. तबल्याचे बोल हे घाव आहेत, सुटे सुटे साठवता येतात. तरी बायाँवरची मनगटाची घिस्सी अजून पोकळच ऐकू येते. तंबोरा सगळ्यात सोपा. बंगळुरूच्या राडेलने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला आणि साऱ्यांनी नाकं मुरडत तो विकत घेतला. सारंगीच्या लायब्ररीवाल्यांनी शेवटी वादकाला एकेक सूर न मागता पूर्ण तुकडे वाजवायला लावले: आलापाची ओळ, छोटी तान. ते ऐकायला छानच वाटतं. पण तेव्हा प्लगइन वाद्य राहत नाही, तो उताऱ्यांचा संग्रह होतो. तीच ओळ आज एका जाहिरातीत, उद्या एका वेब सीरिजच्या करुण प्रसंगाला. कान तयार असेल तर ओळखू येते.

नोंदवही सुधारतेय, हेही सांगायला हवं. २०१८ मध्ये एमपीई मान्य झालं. त्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनेल मिळतो, म्हणजे एका बोटाची मींड दुसऱ्या बोटाला लागत नाही. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात जोराच्या १२८ पायऱ्यांच्या जागी ६५ हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. मींड तंत्राच्या कक्षेत आली म्हणायची. ती वाजवायला रियाज लागतोच, आणि स्वस्त कीबोर्डच्या पट्ट्या तर अजून खालीवर एवढंच जाणतात.

शेवटचा प्रश्न, मोबदल्याचा. 'लायब्ररीतल्या वादकाला रॉयल्टी मिळते का?' बहुतेक ठिकाणी नाही, एकरकमी व्यवहार असतो. लंडनच्या स्पिटफायर ऑडिओने आपण वादकांना विक्रीतला वाटा देतो असं जाहीरपणे सांगितलं आहे, म्हणजे ते अशक्य नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये कलावंताचा हक्क आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो रॉयल्टीपर्यंत नेला. पण त्याच कायद्यात चित्रपटापुरती एक पाचर आहे. ज्याचं सादरीकरण किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि श्रेयनामावलीत वा इतरत्र कुठेही ज्याची दखल घेतलेली नाही, त्याला बहुतेक बाबतींत कलावंत मानायचं नाही. पडद्यावर नाव येणं ही हौस नव्हे, त्यावर हक्क अडकतो. आमच्या ओळखीचे एक सतारवादक गृहस्थ यामुळे सॅम्पलच्या कामाला हल्ली दोनच अटी घालतात: कागदावर वापराची मुदत लिहा, आणि फोल्डरला माझं नाव द्या. पहिली अट कुणी मानत नाही. दुसरी अलीकडे दोघांनी मानली.

वाद्यांबरोबर खोल्यासुद्धा साठवल्या गेल्या, हे आज राहून गेलं. २००१ च्या अल्टिव्हर्बपासून चर्च, मैफलीचे हॉल, अगदी जिने आणि टाक्यासुद्धा प्लगइनमध्ये आल्या. पुढच्या भागात तिथून सुरुवात करू. येताना हेडफोन आणा, लॅपटॉपच्या स्पीकरवर त्यातलं काही कळणार नाही.